हँडब्रेकची केबल बदलताना नट सगळ्यात शेवटी: कामाचा नेमका क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

हँडब्रेक सैल झाला की बहुतेक जण लिव्हरखालचा नट आवळतात. दोन-तीन महिने बरे जातात. मग लिव्हर पुन्हा वर येऊ लागतो आणि नट पुन्हा आवळला जातो. एक दिवस आटे संपतात, तेव्हा "केबल ताणली गेलीय, बदलून टाका" असं ठरतं. नवी केबल येते, पण तीही आधी नट आवळूनच बसवली जाते, आणि काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. कारण दोष बऱ्याचदा केबलचा नसून क्रमाचा असतो. ड्रममधले (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यातले) शू, म्हणजे त्याला आतून टेकून चाक धरणाऱ्या कमानी, आधी; केबलचा ताण सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला नाही तर केबल कितीही चांगली घेतली तरी उपयोग नाही.

हा लेख दोन सीटच्या मध्ये ओढायचा लिव्हर आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे: अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय१०, टियागो यांच्या जातीच्या. तुमच्या गाडीला बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर इथेच थांबा. त्याची मोटर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडवर न्यावी लागते, ते काम गॅरेजचं. मागे डिस्क असतील तर केबलचा मार्ग सारखाच असतो, पण चाकाकडची जोडणी वेगळी असते.

## लिव्हर ओढल्यावर आत काय होतं

लिव्हरच्या बुडाला आटे पाडलेला एक दांडा असतो. लिव्हर वर ओढला की हा दांडा पुढे खेचला जातो. त्याच्या मागच्या टोकाला एक छोटी आडवी पट्टी असते, ती म्हणजे इक्वलायझर. तराजूच्या दांडीसारखं तिचं काम: डाव्या-उजव्या केबलला सारखा ओढा देणं. दांडी तिरकी झाली की तराजू खोटं बोलतो. इथेही तसंच.

केबल म्हणजे सायकलच्या ब्रेक वायरचा थोरला भाऊ. आत पीळ दिलेली तार, बाहेर नळी. नळी दोन्ही टोकांना पक्की बसलेली असते, आतली तार सरकते. नळीचं टोक ब्रॅकेटमध्ये अर्धवट बसलं तर तुम्ही तार ओढता तेव्हा नळीही सरकते आणि ओढ वाया जाते.

ड्रममध्ये मागच्या शूवर एक लोखंडी पट्टी खिळलेली असते, तिला शू लिव्हर म्हणू. केबल तिचं खालचं टोक पुढे ओढते. पट्टी वरच्या खिळीवर फिरते, मधल्या आडव्या दांडीला ढकलते, ती दांडी पुढच्या शूला ड्रमवर टेकवते आणि मग मागचाही शू टेकतो. या सगळ्यात ब्रेक ऑइलचा संबंध नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हँडब्रेक खाली असताना ही शू लिव्हरची पट्टी मागे येऊन शूच्या कडेला पूर्ण टेकलेली असली पाहिजे. केबल जास्त ताणलेली असेल तर पट्टी तिथपर्यंत येतच नाही, मधेच लटकून राहते. मग ड्रममधला, शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप भरून काढणारा ऑटो-अ‍ॅडजस्टर नीट काम करत नाही. लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजतं तसं अंतर वाढत जातं, पायाचा ब्रेक खोल जायला लागतो, हँडब्रेक आणखी वर येतो आणि माणूस पुन्हा नटाकडे वळतो.

## टप्पा १: दोष खरंच केबलचा आहे का

गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर घ्या (कशी, ते टप्पा ३ मध्ये आहे). गिअर पहिल्यात, हँडब्रेक पूर्ण खाली. आता एकाने आत बसून लिव्हर एकेक खाच ओढायचा, दुसऱ्याने बाहेरून चाकं फिरवून बघायची.

लिव्हर खूप वर जातोय आणि दोन्ही चाकं उशिरा पण एकदमच धरतायत? मग केबल बहुधा ठीक आहे. लायनर झिजलंय किंवा ऑटो-अ‍ॅडजस्टर गंजून अडकलाय. ड्रम उघडून साफ करा, केबलचे पैसे वाचतील.

एक चाक लवकर धरतं, दुसरं जवळजवळ मोकळं राहतं? ज्या बाजूला ओढ पोचत नाही, त्या बाजूची केबल किंवा शू लिव्हरची खिळी जाम आहे.

लिव्हर खाली सोडला तरी एक चाक घासत राहतं? पावसाळ्यानंतर सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. केबलमध्ये पाणी शिरून तार आतून गंजलेली असते. जाते, पण परत येत नाही.

लिव्हर काहीच जोर न लागता थेट वर आला तर केबल तुटली आहे किंवा टोक हुकातून निसटलं आहे.

पक्कं निदान मात्र ड्रम उघडल्यावरच होतं. केबलचं टोक शू लिव्हरमधून काढा. पट्टी हाताने हलवून बघा, मग तार हाताने ओढून बघा. जी अडकते ती दोषी. पट्टीच अडकत असेल तर नवी केबल टाकूनही चाक घासतच राहणार.

माझ्या मावसभावाची गाडी चिपळूणला बारा महिने उघड्यावर असते. तिचं मागचं डावं चाक तापायचं. त्याआधी एका गॅरेजात दोनदा नट आवळून झाला होता. केबल काढल्यावर मी ती हॅक्सॉने उभी चिरली. ड्रमजवळच्या रबरी टोपीला नखाएवढी चीर होती. तिथून आत चार बोटं लांबीची तार विटकरी भुकटीत रुतून बसलेली, आणि त्यापुढची अख्खी तार नव्यासारखी चकाकत होती. एवढ्याशा चिरेने पूर्ण केबल गेली. म्हणून सांगतो, गाडी वर असेल तेव्हा दोन्ही रबरी टोप्या बोटाने चाचपून बघत जा.

## टप्पा २: आधी सगळं हाताशी घ्या

केबल घेताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत केबल वेगळी असते. उत्पादनाचं वर्ष आणि चासी नंबर द्या. डावी आणि उजवी केबल बऱ्याच गाड्यांत कमी-जास्त लांबीची असते, तेही विचारून घ्या. एकच बिघडली असली तरी जोडी बदला. एक नवी, एक जुनी ताणलेली, अशा जोडीत इक्वलायझर पहिल्या दिवसापासून तिरका राहतो.

हत्यारांत १० पासून १७ नंबरपर्यंतचे गोटी पाने आणि रिंग पाने, चाकाचा पाना, साधी व लांब नाकाची पक्कड, मोठा चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि ८ मिमीचे दोन लांब बोल्ट लागतील (हे ड्रम काढायला, का ते पुढे येतंच). जॅक आणि दोन स्टँड. ब्रेक क्लीनर, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस, वायर ब्रश, मजबूत दोरा, मास्क, हातमोजे, चष्मा.

आदल्या रात्री गाडीखालच्या केबल ब्रॅकेटच्या बोल्टवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोल्टची डोकी तुटण्यात वेळ जातो. पहिल्यांदाच करत असाल तर चार-पाच तास हाताशी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी लागणारच असेल तर हे काम काढू नका.

## टप्पा ३: गाडी उचलणं

या कामात हँडब्रेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडलेला असतो. म्हणजे गाडी धरून ठेवायला पुढची चाकंच आहेत. गिअर पहिल्यात टाका (चाकं फिरवून बघायची असतील तेव्हाही पुढच्या चाकांनी चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवली तरी चालतं, मागची चाकं मोकळीच असतात). पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून अडथळा लावा. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा वेढा सैल करा, मग गाडी उचला. जॅक कुठे लावायचा ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतं, तिथेच लावा. दोन्ही बाजूंना स्टँड लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा.

सावधान: डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. विटांच्या चवडीवरही नाही, वीट काहीही इशारा न देता फुटते.

## टप्पा ४: पुढचं टोक सैल करा

काही गाड्यांत लिव्हरचं कव्हर वर ओढलं की नट दिसतो, काहींत मधला कन्सोल काढावा लागतो. कन्सोल ओढण्याआधी सगळे स्क्रू निघाले का ते बघा, एखादा कप होल्डरच्या तळाशी लपलेला असतो. सीटखाली पिवळ्या वेष्टनाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या आहेत, त्यांना हात लावू नका.

नटाच्या पुढे किती आटे दिसतायत ते मोजून लिहून ठेवा. मग नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करा आणि केबलची टोकं इक्वलायझरमधून काढा. ती निघत नसतील तर जोर करू नका. मागचं टोक सुटल्यावर इथे आपोआप ढील मिळते.

## टप्पा ५: ड्रम काढा, एका वेळी एकच

एकाच वेळी दोन्ही ड्रम उघडू नका. स्प्रिंग कुठे होती हा प्रश्न पडला की दुसरी बाजू बघता आली पाहिजे. फक्त लक्षात ठेवा, ती आरशातल्यासारखी उलटी दिसेल. ड्रम निघाल्या निघाल्या मोबाइलवर फोटोही काढा.

ड्रम दोन प्रकारचे असतात. पहिला नुसता चाकाच्या स्टडवर बसलेला. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात ते ८ मिमीचे दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा फिरवा. ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत राहिलात तर ड्रम तिरका होऊन अडकेल. हातोड्याने कडेवर ठोकू नका, बिडाची कड टवकते.

दुसऱ्या प्रकारात ड्रम, हब आणि बेअरिंग एकत्र असतात आणि मधल्या टोपीखाली एक मोठा नट ठेचून लॉक केलेला असतो. हा नट नवाच वापरावा लागतो आणि ठरलेल्या टॉर्कवरच (मोजून दिलेल्या जोरावरच) आवळावा लागतो. टॉर्क पाना नसेल तर हे काम गॅरेजवर सोपवा. अंदाजाने आवळलेलं मागचं बेअरिंग हा हँडब्रेकहून मोठा धोका आहे.

ड्रम हलतो पण निघत नाही, असं झालं तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला उंचवटा तयार झालाय आणि शू त्याला अडतायत. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं. ते काढून स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टर सैल केला की शू जवळ येतात.

सावधान: ड्रम उघडा असताना कुणीही ब्रेक पेडल दाबायचं नाही. व्हील सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर उडतात, ऑइल सांडतं आणि काम दुप्पट होतं. स्टिअरिंगवर कागद चिकटवून ठेवा.

सावधान: आतली काळी भुकटी फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर मारून ओली करूनच पुसा.

## टप्पा ६: जुनी केबल काढा

शू लिव्हरच्या खालच्या हुकात केबलचं टोक अडकवलेलं असतं आणि त्याच्यामागे एक स्प्रिंग दबलेली असते. लांब नाकाच्या पक्कडीने स्प्रिंग मागे दाबून धरा, तार थोडी ढिली होईल, टोक बाजूला वळवून हुकातून बाहेर काढा. चष्मा इथे हवाच.

आता केबल मागच्या पत्र्यातून बाहेर काढायची. तिथे ती तीन-चार लवचिक पाकळ्यांनी अडकलेली असते. सगळ्या पाकळ्या पक्कडीने एकदम दाबायला गेलं की एक दाबेपर्यंत दुसरी सुटते. सोपा उपाय म्हणजे १२ किंवा १३ नंबरचा रिंग पाना. तो तारेवरून पाकळ्यांवर सरकवा. रिंगमध्ये शिरताना सगळ्या पाकळ्या एकत्र मिटतात आणि केबल मागे ढकलता येते.

मग गाडीखालचे ब्रॅकेट सोडवा. ते काढण्याआधी केबल कशाच्या वरून आणि कशाच्या खालून जाते त्याचे फोटो घ्या: अ‍ॅक्सल, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी. एबीएस असेल तर चाकाच्या मागे सेन्सरची बारीक वायर असते, ती ओढली जाऊ देऊ नका. केबल तळाच्या पत्र्यातून आत जाते तिथे, ओढण्याआधी जुन्या टोकाला दोरा बांधा. जुनी केबल बाहेर येईल तसा दोरा तिच्या वाटेने आत जाईल. नवी केबल त्याच दोऱ्याला बांधून खेचून घ्या.

तपासा: जुनी आणि नवी केबल जमिनीवर शेजारी-शेजारी सरळ ठेवा. नळीची लांबी, बाहेर आलेल्या तारेची लांबी, ब्रॅकेटची जागा, दोन्ही टोकांचा आकार, सगळं जुळलं पाहिजे. दोन सेंटिमीटरचा फरकही चालत नाही. नट आवळून तो भरून काढता येईल असं वाटेल, पण तसा तो भरून निघत नाही.

## टप्पा ७: नवी केबल बसवा

नव्या केबलमध्ये ऑइल ओतू नका. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ऑइल धूळ पकडतं आणि काही महिन्यांत त्याचा चिकट लगदा होतो. ग्रीस लावायचंच तर शू लिव्हरच्या खिळीवर आणि मागच्या पत्र्यावर शू घासतात त्या उंचवट्यांवर अगदी पातळ बोट फिरवा. लायनरला ग्रीसचा डाग लागला तर तो पुसून जात नाही, शू बदलावा लागतो.

सुरुवात ड्रमच्या बाजूने करा. पाकळ्या पत्र्यात शिरून "कट्" आवाज आला पाहिजे. त्यानंतर केबल मागे ओढून बघा, सुटता कामा नये. टोक हुकात अडकवा. मग केबल जुन्या वाटेने पुढे न्या, ब्रॅकेटचे बोल्ट आधी फक्त बोटाने लावा, आणि केबल पिळलेली नाही, कुठे कोनात वाकलेली नाही, सायलेन्सरला टेकत नाही हे बघून मगच आवळा. गाडी स्टँडवर असताना मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबकळत असतो. अशा वेळीही केबल ताठ दिसली तर ती चुकीच्या वाटेने गेली आहे.

शेवटी इक्वलायझरमध्ये दोन्ही टोकं बसवा आणि नट केवळ टोकं निसटणार नाहीत इतपतच फिरवा. हात शिवशिवतील, पण अजून आवळू नका.

## टप्पा ८: आधी शू

शू लिव्हरची पट्टी शूच्या कडेला पूर्ण टेकली आहे का, डोळ्यांनी बघा. दोन्ही बाजूंना. टेकली नसेल तर नट अजून सैल करा. लायनर २ मिमीहून कमी उरलं असेल तर शूही आत्ताच बदला, दोन्ही चाकांचे.

अ‍ॅडजस्टर फिरवून शू इतके बाहेर आणा की ड्रम हाताने बसेल आणि फिरवताना पुसट खसखस ऐकू येईल. दुसऱ्या चाकावर हेच सगळं करा. दोन्ही ड्रम बसल्यावरच गाडीत बसून ब्रेक पेडल सावकाश पंधरा-वीस वेळा दाबा. ऑटो-अ‍ॅडजस्टर उरलेलं अंतर भरून काढतो. पेडल घट्ट लागलं पाहिजे. ते खोल जात असेल तर पुढे जाऊ नका, ड्रम पुन्हा उघडा.

## टप्पा ९: आता नट

लिव्हर दहा-बारा वेळा पूर्ण जोराने ओढा आणि सोडा. नवी केबल ब्रॅकेटांत नीट बसते आणि तारेचा सुरुवातीचा ताण निघून जातो. मग लिव्हर खाली ठेवून नट थोडा-थोडा आवळा आणि प्रत्येक वेळी खाचा मोजा. साधारण २० किलोच्या जोराने, म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली मोठी बादली उचलायला लागतो तेवढ्या, ओढल्यावर किती खाचा हव्यात ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक छोट्या गाड्यांत तो आकडा ४ ते ९ च्या दरम्यान असतो. दोन खाचांत घट्ट होणारा हँडब्रेक हाताला छान वाटतो, पण तो चुकीचा आहे.

तपासा:
- लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरतात.
- ओढल्यावर दोन्ही चाकं एकाच खाचेला धरतात.
- इक्वलायझर सरळ आहे. तिरका असेल तर दोन्ही बाजूंच्या नळीची टोकं ब्रॅकेटमध्ये नीट बसलीत का ते आणि शू तपासा.
- पहिल्या खाचेलाच डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो, सोडल्यावर विझतो.

हे जमलं की कन्सोल बसवा, चाकं लावा, गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट जमिनीवर समोरासमोरच्या जोडीने पक्के आवळा.

## टप्पा १०: चाचणी

चालत्या गाडीत हँडब्रेक ओढून बघायचा नाही. मोकळा चढ शोधा. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, पाय हळूच उचला पण पेडलच्या वरच ठेवा. गाडी जागची हलू नये. मग वळवून उताराच्या दिशेने तोंड करून तेच करा. शू एका दिशेला जास्त धरतात, त्यामुळे एका दिशेची परीक्षा पुरत नाही.

नंतर पायाचा ब्रेक कमीत कमी वापरत पाच-सहा किलोमीटर चालवा आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका. एक बाजू स्पष्ट जास्त गरम लागली तर तिकडचे शू घासतायत. नट एक-दोन वेढे सैल करून पाहा. फरक पडला नाही तर दोष ड्रममध्येच आहे.

आठवड्याने खाचा पुन्हा मोजा. नवी तार एक-दोन खाचा सैल होते, तेवढा नट आवळायला हरकत नाही. त्याहून जास्त सैल झाली असेल तर नटाला हात न लावता आधी नळीची टोकं ब्रॅकेटमध्ये पाहा, मग ड्रम. आणि पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून ठेवा. ओले शू ड्रमला चिकटले की पहिल्या झटक्याला लायनरच उखडून येतं.